किनाऱ्यावरचे प्लॅस्टिक मोजायला जाताना: सांगली-साताऱ्याच्या स्वयंसेवकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

सांगली-मिरजेहून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकची नोंद करायला गेलेल्या आमच्या गटाची पहिली चारही नोंदपत्रके संशोधकांकडून परत आली. कष्ट कमी पडले होते असे नाही. पहाटे आंबा घाट उतरून गेलेल्या बावीस जणांनी अकरा पोती कचरा गोळा केला होता आणि पत्रकावरही ‘अकरा पोती’ असेच लिहिले होते. किती लांबी-रुंदीच्या वाळूवरून तो उचलला, केवढ्या आकाराच्या वस्तू धरल्या आणि केवढ्या सोडल्या, आदल्या दिवशी कोणी किनारा झाडला होता का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या पत्रकात नव्हते. साताऱ्याहून कुंभार्ली घाटाने गुहागरला जाणाऱ्या परिचितांकडूनही नेमक्या याच चुका कानावर आल्या, म्हणून आता आम्ही पाळत असलेला क्रम येथे सविस्तर दिला आहे.

किनारा स्वच्छ करणे आणि किनारा मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत. स्वच्छतेत जितके जास्त उचलाल तितके चांगले. मोजणीत मात्र आखलेल्या पट्ट्याबाहेरची एक बाटली जरी हिशेबात आली तरी आकडा बिघडतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा-स्वच्छता दिन पाळला जातो आणि त्या दिवशी दोन्ही कामे एकाच खेपेत उरकण्याचा मोह होतो. तसे करायचेच असेल तर आधी मोजणी पूर्ण करावी, पत्रकावर सह्या व्हाव्यात आणि मगच पोती उघडावीत.

## टप्पा १: नेमके काय मोजायचे ते ठरवणे

संशोधकांशी पहिले बोलणे गाडी ठरवण्याच्या आधी व्हायला हवे. त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: नोंदपत्रकाचा नमुना, वस्तूंच्या वर्गवारीची यादी, मोजायच्या वस्तूचा किमान आकार आणि मोजणी किती दिवसांनी पुन्हा करायची तो कालावधी. खाली दिलेली मापे सर्वसाधारणपणे वापरली जाणारी आहेत. तुमच्या प्रकल्पाची मापे वेगळी असतील तर तीच पाळावीत आणि दोहोंची सरमिसळ करू नये.

आकाराचे तीन गट लक्षात ठेवावेत. सर्वांत लांब बाजू २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर ती मोठी वस्तू. ५ मिलिमीटर ते २.५ सेंटिमीटर हा मधला गट. ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते सूक्ष्म प्लॅस्टिक. स्वयंसेवकांनी मोठ्या वस्तूंची मोजणी आणि १ ते ५ मिलिमीटरच्या कणांचे नमुने एवढीच कामे अंगावर घ्यावीत. बोटीमागे जाळे ओढून पाण्यातले नमुने घेणे किंवा १ मिलिमीटरहून बारीक तंतू शोधणे ही प्रयोगशाळेची कामे आहेत आणि ती हौसेने करायला गेल्यास आपल्याच शर्टाचे धागे समुद्राच्या नावावर लागतात.

इशारा: मापासाठी दहा रुपयांचे नाणे वापरू नये. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. ‘नाण्यापेक्षा लहान ते सोडा’ असे सांगितले की २५ ते २७ मिलिमीटरचे सगळे तुकडे, म्हणजे कात्रीने कापलेले दुधाच्या पिशवीचे कित्येक कोपरे, हिशेबातून निसटतात. प्रत्येक जोडीच्या हातात पोलादी पट्टी असावी.

## टप्पा २: जागा निवडणे आणि परवानगी घेणे

सर्वाधिक घाण दिसते तीच जागा निवडणे ही नवख्यांची हमखास चूक आहे. अशा जागेवरून त्या जागेची घाण कळते, किनाऱ्याची स्थिती कळत नाही. वाळूचा किनारा असावा, सलग किमान १०० मीटर लांबी मिळावी, समोर धक्का किंवा बांध नसावा आणि वर्षभर चालत पोहोचता यावे. ग्रामपंचायत किंवा एखादे हॉटेल रोज झाडते असा भाग टाळावा. ते शक्य नसेल तर झाडण्याचे दिवस नोंदवावेत.

नदीमुखाचा विचार वेगळा करावा लागतो. रत्नागिरीजवळ भाट्ये किनाऱ्याच्या उत्तर टोकाला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते. तिथला कचरा आणि सुरूच्या बनासमोर मधोमध आढळणारा कचरा यांची कहाणी एकच असेल असे नाही. संशोधकाला खाडीचा प्रभाव पाहायचा आहे की टाळायचा आहे, हे विचारून मगच जागा पक्की करावी.

आपल्याकडच्या नद्यांबाबत एक गैरसमज या कामात वारंवार आड येतो. सांगलीच्या घाटावरून वाहून गेलेली पिशवी रत्नागिरीला सापडणार नाही, कारण कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून वाई, कराड, सांगली करीत पूर्वेकडे जाते आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनेचे मात्र तसे नाही. तिचे काही पाणी कराडला कृष्णेत येते, पण वीजनिर्मितीसाठी वळवलेले पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला वाशिष्ठी नदीत सोडले जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत पोहोचते. त्यामुळे ‘हे आमच्याकडूनच आले असणार’ अशी टीप पत्रकात कोणी लिहू नये. आढळले ते लिहावे. आले कुठून हा पुढचा प्रश्न आहे.

परवानगीसाठी ग्रामपंचायत आणि वन विभाग या दोघांना कळवावे. गुहागर, आंजर्ले, वेळास अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. त्या काळात भरतीरेषेच्या वरच्या अंगाला खणणे, खुंट्या ठोकणे किंवा गर्दीने फिरणे योग्य नाही. स्थानिक कासवमित्राला सोबत घेतल्याशिवाय तिथे पाऊल ठेवू नये.

## टप्पा ३: दिवस आणि भरती-ओहोटी

घाटावरच्या माणसांचे सर्वांत जास्त चुकते ते इथे. आपण रविवार पाहतो आणि समुद्र तिथी पाहतो.

भरती आणि ओहोटी दिवसातून प्रत्येकी दोनदा होते आणि त्यांच्या वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. कोकणात तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची अंदाजे वेळ काढतात. अष्टमीला ८ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमेला १५ गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. आता सांगलीहून पहाटे पाचला निघालेली गाडी चहा-नाश्ता धरून रत्नागिरीला दहा-अकराच्या दरम्यान पोहोचते हे लक्षात घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या रविवारी तुम्ही बरोबर भरती टिपेला असताना वाळूवर उतराल आणि तेही उधाणाच्या भरतीला, जेव्हा मोजायला वाळू सर्वांत कमी उरलेली असते. आम्ही एकदा असे पोहोचलो होतो. पाच तास सुरूच्या सावलीत भेळ खात काढले आणि संध्याकाळच्या ओहोटीला अंधूक उजेडात मोजणी केली. ते पत्रक अर्थातच परत आले.

म्हणून अष्टमी ते दशमी या तिथींना, शुक्ल पक्षातल्या किंवा कृष्ण पक्षातल्या, येणारी सुट्टी निवडावी. हे दिवस भांगाचे असतात, पाणी फार खाली जात नाही. पण आपल्याला मुख्यतः भरतीरेषेच्या वरची वाळू मोजायची असल्याने त्याने बिघडत नाही. पाऊणपटीचा हिशेब फक्त दिवस ठरवण्यापुरता वापरावा. पत्रकावर त्या बंदराच्या छापील भरती-कोष्टकातली वेळ लिहावी.

ओहोटीच्या टिपेआधी साधारण दोन तास काम सुरू करावे आणि पाणी वर चढू लागण्यापूर्वी खालचा भाग उरकावा. जून ते सप्टेंबरमध्ये हवामान खात्याचा इशारा असेल तर खेप रद्द करावी; ‘खेप रद्द, कारण हवामान’ ही नोंददेखील पाठवावी.

तपासणी: निघण्याच्या आदल्या रात्री गटप्रमुखाने ओहोटीची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि सूर्यास्त या तीन वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहाव्यात. ओहोटीआधी दोन तास हाती येत नसतील तर तारीख बदलावी.

## टप्पा ४: सामान आणि हरिपूरची रंगीत तालीम

सामान थोडेच लागते, पण त्यातली एक वस्तू राहिली की दिवस वाया जातो. ५० मीटरची मोजफीत दोन नग, जाड सुती दोरी, बांबूच्या खुंट्या, पोलादी पट्ट्या, पॅड, शिसपेन्सिली, छापील पत्रके, काट्याचा तराजू, जाड हातमोजे, सुई-सिरिंज टाकायला झाकणाचा पत्र्याचा डबा. बारीक कणांसाठी ५० सेंटिमीटर बाजूची चौरस लाकडी किंवा लोखंडी चौकट, पत्र्याचे फावडे, स्टीलची बादली, ५ आणि १ मिलिमीटर छिद्रांच्या स्टीलच्या चाळण्या, काचेच्या रिकाम्या बरण्या आणि अॅल्युमिनियमची फॉइल. बांधकामावरची वाळू चाळायची चाळण आणू नये, तिचे छिद्र नक्की किती हे कोणालाच ठाऊक नसते.

कपडे सुती असावेत. फ्लीसचे जर्किन आणि खेळाडूंच्या चमकदार जर्सी यांचे धागे गळतात आणि तेही प्लॅस्टिकच असते. नमुना घेणाऱ्यांच्या कपड्यांचा रंग पत्रकावर लिहून ठेवावा, म्हणजे त्या रंगाचा तंतू सापडल्यास संशोधकाला शंका घेता येते.

तालमीसाठी आम्ही हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जातो. वीस मीटरचा तुकडा आखून दोन जोड्यांनी तो एकमेकांना न सांगता मोजायचा आणि आकडे ताडून पाहायचे. पहिल्या तालमीत एका जोडीला ३१ तर दुसरीला ५२ वस्तू सापडल्या होत्या. फरक नजरेचा नव्हता, नियमांचा होता: पहिली जोडी फाटक्या पिशवीचे चार तुकडे ‘एक पिशवी’ धरत होती आणि दुसरी चार वस्तू. हा वाद समुद्रावर उन्हात घालण्यापेक्षा संगमावर मिटवलेला बरा. तालमीचे आकडे मात्र समुद्राच्या पत्रकात चुकूनही घालू नयेत.

## टप्पा ५: किनाऱ्यावर आखणी

गाडीतून उतरताच कोणीही काही उचलू नये. ही सूचना आम्ही घाट उतरतानाच एकदा आणि पोहोचल्यावर पुन्हा एकदा देतो, तरीही कोणीतरी सवयीने बाटली उचलून पिशवीत टाकतोच.

१. किनाऱ्याला समांतर १०० मीटरची रेषा फीत लावून आखावी. पावलांनी मोजू नये. ओल्या आणि कोरड्या वाळूत पाऊल सारखे पडत नाही.

२. सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरून घ्यावेत आणि दशांशानंतर पाच अंक लिहावेत. पाचवा अंक साधारण एक मीटरचा असतो, चौथा अकरा मीटरचा. तीनच अंक लिहिलेत तर पुढच्या वेळी शंभर मीटर इकडेतिकडे भटकाल. एखादे न हलणारे ठिकाण, जसे मंदिराची कमान किंवा पुलाचा खांब, खूण म्हणून लिहावे. सुरूचे झाड ही खूण नव्हे. बनात ती सगळी सारखीच दिसतात.

३. दोन्ही टोकांवरून चारही दिशांची छायाचित्रे घ्यावीत.

४. १०० मीटरचे पाच-पाच मीटरचे वीस पट्टे कल्पावेत आणि त्यांना १ ते २० क्रमांक द्यावेत. वीस चिठ्ठ्या टाकून चार उचलाव्यात आणि तेवढेच पट्टे मोजावेत. काही प्रकल्पांत संपूर्ण १०० मीटर मोजतात; मनुष्यबळ असेल आणि प्रकल्पाची तशी पद्धत असेल तर तेही चालते. पण चिठ्ठ्या टाकल्यावर ‘सातव्यात काहीच नाही, आठवा घेऊ’ असे करता येत नाही. सातवा रिकामा असणे हीच त्या पट्ट्याची माहिती आहे.

५. प्रत्येक निवडलेल्या पट्ट्याची रुंदी पाण्याच्या कडेपासून किनाऱ्याच्या मागच्या सीमेपर्यंत, म्हणजे झाडी, भिंत किंवा खडक सुरू होतो तिथपर्यंत, वेगवेगळी मोजावी. चारही पट्ट्यांना एकच रुंदी लिहून मोकळे होऊ नये.

तपासणी: मोजणी सुरू करण्यापूर्वी पत्रकावर तारीख, वेळ, दोन बिंदू, चार पट्ट्यांचे क्रमांक आणि चार रुंद्या भरलेल्या आहेत का ते दुसऱ्या माणसाने वाचून पाहावे. हे रकाने नंतर आठवून भरता येत नाहीत.

## टप्पा ६: मोठ्या वस्तूंची मोजणी

एका पट्ट्याला तिघे: दोघे शोधणारे आणि एक लिहिणारा. शोधणाऱ्यांनी पाण्याकडून वर आणि पुन्हा वरून खाली असे नागमोडी चालावे, सूर्य शक्यतो पाठीशी ठेवावा आणि वस्तूचे नाव मोठ्याने उच्चारावे. लिहिणाऱ्याने ते परत म्हणून रेघ ओढावी. सुकलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ढिगाखाली काठीने सारून पाहावे, कारण अर्धे प्लॅस्टिक तिथेच अडकलेले असते. वाळू मात्र उकरू नये. वर दिसते तेवढेच मोजायचे.

तुकड्यांचा नियम साधा आहे. सुटा तुकडा २.५ सेंटिमीटरचा असेल तर ती एक वस्तू, मग तो मूळचा कशाचाही असो. बाटलीला झाकण बसवलेले असेल तर एक, झाकण वेगळे पडलेले असेल तर दोन. गुंतलेल्या जाळ्याचा गोळा एक वस्तू म्हणून लिहावा, पण शेरा देऊन त्याची लांबी-रुंदी आणि छायाचित्र जोडावे. थर्माकोल चुरडून शेकडो गोळ्या झाल्या असतील तर त्या मोजत बसू नये, २.५ सेंटिमीटरचे तुकडे मोजावेत आणि बाकीचे ‘विखुरलेला चुरा, सुमारे एक चौरस मीटर’ असे शब्दांत लिहावे.

आता वर्गवारी. आपली रोजची भाषा इथे आपल्याला फसवते. लग्नात आणि साड्यांच्या दुकानात मिळते ती ‘कापडी पिशवी’ बहुधा विणलेली नसतेच, ती पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची दाबून केलेली असते. ती कापडाच्या रकान्यात गेली की चूक. शेतकरी ज्याला ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात ती प्लॅस्टिकची फिल्म आहे. तासगाव-पलूसकडच्या आमच्या सदस्यांनी ती नेमाने कागदात लिहिली होती आणि त्यांचा दोष तरी काय, आयुष्यभर तिला पेपरच म्हटलेले. चहाच्या ‘कागदी’ कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यासाठी यादीत वेगळा रकाना आहे का ते पाहावे. सिगारेटच्या थोटकाचे फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचे, म्हणजे मानवनिर्मित तंतूंचे असते. बिडीला फिल्टर नसते आणि तिचे पान तेंदूचे असते. दोन्ही ‘थोटके’ म्हणून एकत्र लिहू नयेत. गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे ही अनेक थरांची असतात, त्यांना ‘पिशवी’ म्हणू नये. चपलांचे तळवे, तंगूस (मासेमारीचा बारीक नायलॉनचा धागा), नायलॉनच्या दोऱ्या, मच्छीमारांचे बोये (जाळे तरंगत ठेवणारे गोळे) यांचे रकाने स्वतंत्र असतात.

जे ओळखू येत नाही ते ‘अज्ञात’ या रकान्यात छायाचित्रासह जावे. अंदाजाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा घातक असतो, कारण तो चुकीचा आहे हे नंतर कोणालाच कळत नाही.

इशारा: सुया, औषधांच्या बाटल्या आणि डायपर हाताने उचलू नयेत, जागेवरच मोजून चिमट्याने पत्र्याच्या डब्यात टाकावेत. पावसाळ्याच्या आसपास वाळूवर येणारे डांबराचे गोळे प्लॅस्टिकमध्ये धरू नयेत, पण त्यांची नोंद शेऱ्यात करावी. जाळ्यात अडकलेला जिवंत प्राणी दिसल्यास मोजणी थांबवून वन विभागाला कळवावे.

चारपैकी एक पट्टा दुसऱ्या तिघांनी पुन्हा मोजावा, म्हणून वस्तू उचलण्याचे काम फेरमोजणीनंतर करावे. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आम्ही चारही पट्टे पुन्हा मोजतो. ही आमची स्वतःची शिस्त आहे आणि तिच्यामुळे दोनदा जेवण संध्याकाळी चारला झाले आहे.

वजन करायचे असल्यास वाळू झटकून, पाणी ओतून देऊन करावे आणि ‘ओले’ किंवा ‘कोरडे’ हे लिहावे. वाळूने अर्धी भरलेली बाटली तराजूवर टाकली की समुद्रात वाळूचेच प्रदूषण दिसू लागते.

## टप्पा ७: बारीक कणांचे नमुने

भरती ओसरताना काटक्या, शेवाळ, शिंपल्यांची एक रेघ मागे ठेवते. भांगाच्या दिवसांत अशा दोन-तीन रेघा दिसतात: खालची ताजी आणि वरची आठवड्यापूर्वीच्या उधाणाची. कोणत्या रेघेवर नमुना घ्यायचा ते संशोधकाने सांगितलेले असावे. तसे सांगितले नसेल तर सर्वांत ताजी रेघ घ्यावी आणि तसे लिहावे.

१. त्या रेघेवर एकमेकांपासून किमान पाच मीटर अंतराने पाच चौकटी ठेवाव्यात. रंगीत कण दिसले तिथेच चौकट टेकवायची नाही. फितीवर अंतर ठरवून, मग खाली न पाहता ती ठेवावी.

२. चौकटीतला वरचा पाच सेंटिमीटरचा थर फावड्याने काढावा. चौकट ५० बाय ५० सेंटिमीटरची असल्याने ही वाळू साडेबारा लिटर भरते. पाच चौकटींची मिळून बासष्ट लिटरहून अधिक. एवढी वाळू सांगलीला आणता येत नाही, म्हणून ती जागेवरच चाळायची.

३. ओली वाळू १ मिलिमीटरच्या चाळणीतून कोरडी उतरत नाही. बादलीत समुद्राचे पाणी घ्यावे, पण ते आधी त्याच १ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून घ्यावे, नाहीतर पाण्यातले कण वाळूच्या खाती जमा होतील. वर ५ मिलिमीटरची आणि खाली १ मिलिमीटरची चाळणी ठेवून वाळू धुवावी.

४. खालच्या चाळणीत उरलेले सर्व, कण, शिंपल्यांचा चुरा, बिया, काहीही न निवडता काचेच्या बरणीत भरावे. निवड प्रयोगशाळेत किंवा घरी भिंगाखाली होईल. किनाऱ्यावर वाऱ्यात ती करू नये.

५. बरणीच्या तोंडावर फॉइल लावून झाकण बसवावे. जाड कागदाच्या दोन चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने लिहून एक बरणीत टाकावी आणि एक बाहेर बांधावी: ठिकाण, तारीख, रेघ, चौकट क्रमांक.

पाचव्या सूचनेची किंमत मी मोजलेली आहे. एका खेपेला मी बाहेरच्या चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या होत्या आणि आतल्या टाकल्याच नव्हत्या. मिरजेला घरी येऊन पाच बरण्या ओट्यावर मांडल्या तेव्हा चिठ्ठ्यांवर निळसर डाग तेवढे उरले होते. कोणती बरणी कोणत्या चौकटीची हे सांगता येईना. दिवसभराचे काम मोरीत ओतावे लागले नाही इतकेच, पण पाच नमुन्यांचा एकच नमुना झाला.

प्लॅस्टिकचे कच्चे दाणे सापडल्यास ते वेगळे मोजावेत. मसुरीएवढे, गोल किंवा चपटे, बहुतेक पांढरट आणि सारख्या आकाराचे, असे हे दाणे कारखान्यांचा कच्चा माल असतात. मे २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ पेटलेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ आणि मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेल्या ‘एमएससी एल्सा ३’ या जहाजांवरून असे दाणे मोठ्या प्रमाणात किनाऱ्यांवर आले. अचानक ते खूप दिसले तर पुढच्या पत्रकाची वाट न पाहता त्याच दिवशी संशोधकांना कळवावे.

## टप्पा ८: घरी मिठाच्या पाण्यात वेगळे करणे

ही पायरी संशोधकांनी सांगितली तरच करावी. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळवल्यावर घनता १.२ च्या आसपास जाते. मिठातही बारीक प्लॅस्टिक असू शकते, म्हणून हे द्रावण आधी गाळणकागदातून गाळावे. वाळवलेला नमुना त्यात ढवळून काही तास झाकून ठेवावा आणि तरंगलेले कण काढावेत.

काय तरंगते आणि काय नाही हे ठाऊक नसले की इथे चुकीचा निष्कर्ष निघतो. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता १ पेक्षा कमी असते. ते साध्या पाण्यातही तरंगतात. पॉलिस्टायरीन सुमारे १.०५ आणि नायलॉन सुमारे १.१५, ते मिठाच्या पाण्यात वर येतात. पाण्याच्या बाटलीचे पीईटी सुमारे १.३८ असते आणि पीव्हीसीदेखील त्याच्याच आसपास. ती दोन्ही तळाशीच राहतात. म्हणून तळाची वाळू फेकू नये, तीही चिठ्ठी लावून बरणीत परत भरावी. उलट बाजूने पाहिले तर बिया, लाकडाचा भुसा आणि माकूळाचा पांढरा हलका सांगाडा हेही तरंगतात. तरंगले म्हणजे प्लॅस्टिक, हे समीकरण चुकीचे आहे. कण कोणत्या प्लॅस्टिकचा हे अखेर प्रयोगशाळेतले वर्णपट-यंत्रच सांगते.

काम चालू असताना टेबलावर गाळलेल्या पाण्याची एक उघडी बशी ठेवावी. शेवटी तिच्यात जे कण आणि धागे पडलेले दिसतील ते तुमच्या खोलीचे. त्यांची संख्या वेगळी लिहून पाठवावी.

## टप्पा ९: आकडेमोड आणि पत्रक पाठवणे

पट्ट्यातील वस्तूंची संख्या भागिले पट्ट्याचे क्षेत्रफळ एवढेच गणित आहे. समजा, ५ मीटरचा पट्टा ३२ मीटर रुंद आहे आणि त्यात ४८ वस्तू मिळाल्या; तर १६० चौरस मीटरला ४८, म्हणजे दर चौरस मीटरला ०.३. हे प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळे काढावे आणि चारही आकडे पाठवावेत. सरासरी काढायची की नाही हे संशोधकांवर सोडावे. मूळ रेघांचे पत्रकही छायाचित्र काढून जोडावे, कारण बेरजेतल्या चुका तिथूनच सापडतात.

शून्य आणि रिकामा रकाना यांत फरक आहे. पाहिले आणि सापडले नाही तर ०. पाहिलेच नाही तर आडवी रेघ. आमच्या दुसऱ्या पत्रकात सतरा रकाने रिकामे होते आणि त्यांचा अर्थ आम्हालाही सांगता आला नाही.

शेऱ्यांत पुढील गोष्टी याव्यात: वाऱ्याची दिशा, गेल्या दोन दिवसांचा पाऊस, जवळ झालेली जत्रा किंवा विसर्जन, वाळत टाकलेली जाळी, आधीची स्वच्छता. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारचा आकडा आणि नारळी पौर्णिमेच्या आधीचा आकडा शेजारीशेजारी ठेवून कोणी तरी नक्की प्रश्न विचारणार आहे. त्याचे उत्तर तुमच्या शेऱ्यात असायला हवे.

पत्रक त्याच रात्री भरून पूर्ण करावे. मोजलेला कचरा स्थानिक ग्रामपंचायतीने सांगितलेल्या जागी द्यावा आणि ती जागा आधीच विचारून ठेवावी. आम्ही एकदा भरलेली पोती गाडीच्या टपावर बांधून आंबा घाट चढून आलो आहोत. पुढच्या खेपेची तारीख किनारा सोडण्यापूर्वी पंचांग उघडून ठरवावी. मोजणी दर २८ दिवसांची असेल तर समुद्राची स्थिती बरीचशी जुळून येते, तीन महिन्यांची असेल तर तिथी पुन्हा तपासावी लागते. त्या खेपेलाही तोच १०० मीटरचा तुकडा, तेच दोन बिंदू आणि तेच पत्रक वापरावे. पट्ट्यांच्या चिठ्ठ्या मात्र नव्याने टाकाव्यात.